रकान्यात काय लिहायचं?

जळगावात आपलं मनापासून स्वागत. धुळेकरांना मात्र पाहुणे म्हणायला जीभ रेटत नाही. १९०६ पर्यंत आपण एकाच खानदेश जिल्ह्यात नांदत होतो.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या परिषदेत औषधं, शिबिरं, निधी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी नोंदवहीवर बोलतो. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर दुखणं पावरी बोलीत सांगितलं जातं, नोंदवहीत ते मराठीत उतरतं आणि केसपेपरवर इंग्रजीत. सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की सिस्टर लिहितात 'सिकल पॉझिटिव्ह'. त्यांचं काही चुकत नाही, रकानाच तेवढा आहे. पण द्रावण वाहकाचंही गढूळ होतं आणि रुग्णाचंही. वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळतं. वाहक सहसा धडधाकट असतो. रुग्ण हाडांच्या कळांनी रात्र काढतो. दोघांना एकत्र मोजलं, तर त्या आकड्यांवर शोधनिबंध लिहिणाऱ्यानं करायचं काय?

हा भेद नोंदवायची सोय आधीच आहे. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वाहकासाठी डी५७.३ हा स्वतंत्र कोड आहे. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची प्रणाली भारतात विनाशुल्क वापरता येते. तिचं काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालतं. आफ्रिकी संशोधकांच्या पुढाकारानं तर खास सिकलसेलची संज्ञाप्रणाली उभी राहिली. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार पुष्कळदा सौम्य असतो. हे त्या प्रणालीच्या शब्दांत नोंदवलं, तरच आपला रुग्ण तिथल्या रुग्णाशेजारी ठेवून पाहता येईल.

गावांचंही तसंच. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या निबंधातल्या 'धुळे जिल्ह्या'त अक्कलकुवा आणि तळोदा आहेत, नंतरच्यात नाहीत. दोन्ही आकडे शेजारी मांडून 'प्रमाण घटलं' असं कुणीही बिनदिक्कत लिहील!

म्हणून माझी मागणी माफक आहे: चाचणी कोणती, निकाल काय, तालुका कोणता, हे प्रत्येक नोंदीत असावं. आणि कृपा करून सिस्टरांच्या गळ्यात नवा फॉर्म मारू नका. आहे त्यातलाच रकाना दुरुस्त करा.

दुरुस्त रकान्याचा मसुदा आपल्या पिशवीत आहे. हवी तितकी खाडाखोड करून संध्याकाळपर्यंत परत द्या. दुपारी बामणोदच्या वांग्यांचं भरीत आहे, तेव्हा सकाळचं सत्र वेळेत आटोपावं, अशी अध्यक्षांना विनंती.