त्यालाच विचारा



शाळेच्या या मंचावर मी शेवटची उभी राहिले ती नववीत, समूहगीतात, दुसऱ्या रांगेत. तेव्हा समोर बसून आमचे सूर सांभाळणारे काही शिक्षक आजही समोर बसले आहेत. त्यांना आधी नमस्कार करते.

मुख्याध्यापिकाबाईंनी पत्रात लिहिलं होतं की, सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम कसं चालतं ते सांगा आणि मुलांना मार्गदर्शन करा. तयारीही करून आले होते. पण फाटकातून आत शिरले, कडुनिंब दिसला आणि भाऊ आठवला.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. आम्ही रामबागेत राहायचो. शाळा सुटायच्या आधीच आई त्याला घेऊन यायची आणि तो त्या निंबाखाली माझी वाट बघत बसायचा. येणारे-जाणारे मला विचारायचे, "ह्याचं नाव काय? ह्याला भूक लागली का?" तो समोर उभा असायचा आणि प्रश्न मात्र मला किंवा आईला. घरी आलेले पाहुणेही तसेच. वाईट कोणीच नव्हतं, सगळे मायेनेच विचारायचे. पण त्याला कोणी विचारत नव्हतं.

एका दुपारी चित्रकलेच्या बाईंनी त्याला वर्गात बोलावलं आणि शेवटच्या बाकावर बसवलं. रंगीत खडूंचा डबा त्याच्यापुढे धरला, भुवया उंचावल्या, हात पसरला. कोणता हवा? तो बराच वेळ डब्याकडे बघत राहिला. वर्गात चुळबुळ सुरू झाली. बाई डबा धरून तशाच उभ्या. शेवटी त्याने जांभळा उचलला. त्या दिवशी त्याने जांभळी गाय काढली आणि घरी गेल्यावर ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली.

बाईंना सांकेतिक भाषा येत नव्हती. पुढे मी ती शिकले, तेव्हा कळलं की या भाषेत प्रश्न हातांइतकाच चेहऱ्याने विचारावा लागतो. 'काय', 'कुठे' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि चेहरा कोरा ठेवला तर समोरच्याला प्रश्न पोचतच नाही. बाईंचा चेहरा त्याला पोचला होता.

मुलांनो, माझ्याकडे तुम्हाला सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. मदत करण्याआधी विचारा. आणि ज्याला मदत हवी, त्यालाच विचारा.

दुभाषीच्या कामाचं थोडक्यात सांगते. दवाखाना, पोलीस ठाणं, कोर्ट, बँक, जिथे बहिऱ्या माणसाचं काम अडतं तिथे आम्ही जातो. बावीस वर्षांचा तरुण पोट धरून बसलेला असतो आणि डॉक्टर त्याच्या आईला विचारतात, "कुठे दुखतंय?" मला दर वेळी सांगावं लागतं, "डॉक्टरसाहेब, त्याच्याकडे बघून बोला." मनातलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. अर्ध्या तासात डोकं शिणतं. म्हणून दोघींनी आळीपाळीने काम करावं अशी रीत आहे, पण दुसरी माणसं मिळतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांत ऐकू न येणारे सुमारे ५० लाख. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, हक्क लिहून दिले. कागदावरचा हक्क माणसापर्यंत पोचवायला माणूसच लागतो आणि तीच माणसं कमी आहेत.

आपल्या इंदूरला हे काम नवं नाही. तुकोगंज ठाण्यात मूकबधिरांसाठी सहायता केंद्र आहे. आणि ऐकू-बोलू न शकणारी गीता तर तुम्हा पालकांना आठवतच असेल. लहानपणी चुकून समझौता एक्सप्रेसने लाहोरला पोचली, कराचीत ईधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने तिला सांभाळलं, २६ ऑक्टोबर २०१५ ला ती भारतात परतली आणि इंदुरात राहिली. आपल्या गावाचं नाव तिला सांगता येत नव्हतं. "ही आमचीच लेक" म्हणत कितीतरी कुटुंबं आली. आपल्याकडच्या, सांकेतिक भाषा जाणणाऱ्या ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहितांनी तिलाच विचारणं सोडलं नाही. तिचे हात सांगत गेले: नदी, देऊळ, रेल्वे स्टेशन, ऊस, भुईमूग. तेवढ्या खुणांवर तेलंगण आणि मराठवाड्यात शोध झाला आणि २०२१ मध्ये परभणीच्या बाजूला तिच्या आईचा पत्ता लागला. थांबून विचारणं म्हणतात ते हे.

तुम्ही डॉक्टर व्हा, इंजिनीअर व्हा, सराफ्यात दुकान घाला. तुमच्या टेबलासमोर एक दिवस असा माणूस येईल. त्याच्यासोबत आलेल्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा आणि थांबा. चाकाच्या खुर्चीला हात लावण्याआधी विचारा. अंध माणसाचा दंड धरण्याआधी विचारा. नको म्हणाला तर राग मानू नका.

पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या, त्याच चित्रकलेच्या बाई बसल्या आहेत. आता वॉकर घेऊन चालतात. संध्याकाळी पायऱ्यांपाशी आपल्या दोन मुलांनी धावत येऊन त्यांना दोन्ही बाजूंनी उचलल्यासारखं धरलं. मुलं गुणी आहेत, मनापासून धावली. पण बाई घाबरल्या, मी बघत होते. मघाशी त्यांचा सत्कारही आपण खाली जाऊन केला, कारण मंचाच्या पाच पायऱ्या त्यांना चढता येत नाहीत. शाल देताना मी त्यांना विचारलं, "बाई, काय हवं होतं?"

बाई म्हणाल्या, "हात नको गं. कठडा हवा."

अध्यक्ष महोदय, पुढच्या स्नेहसंमेलनाआधी या मंचाला एक उतरण आणि एक कठडा करून घ्या. खर्चात माझाही वाटा राहील. पुढच्या वर्षीची चित्रकलेची बक्षिसं बाईंनी इथे वर येऊन द्यावीत, एवढंच मागणं मागते आणि थांबते.