ट्यूबाचे खालचे स्वर व मोठ्या माऊथपीसची निवड
(ज्युबिलीनिमित्त बँडच्या वादकांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या प्रसंगीं बँडविषयीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, हा मी आपला बहुमान समजतों. कॉर्नेट व ट्रम्पेट ह्यांची वाहवा लोक आपण होऊनच करितात. मिरवणुकीच्या मागच्या रांगेंत अवजड बास सांवरीत चालणाऱ्या वादकाकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. तरी त्याचा स्वर ढळला, कीं वरच्या साऱ्या स्वरांचा पाया ढळतो. आपल्या बासवाल्यांकरितां नवे माऊथपीस घ्यावेत असा विचार चालला आहे, आणि "जितका मोठा तितका उत्तम" असें मत पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येतें. मंडळीच्या वर्गणीचा पैसा खर्च होण्यापूर्वी ह्या मताची थोडी छाननी व्हावी, एवढाच माझा हेतु आहे.

ट्यूबा हें वाद्य फार पुरातन नव्हे. इ. स. १८३५ च्या सप्टेंबर महिन्यांत बर्लिन येथें व्हीप्रेख्त व मोरिट्झ ह्या दोघांनीं त्याचें पेटंट घेतलें. त्यांचा ट्यूबा एफ् स्वराचा, म्हणजे सुमारें १२ फूट नळीचा होता. ई-फ्लॅट बासची नळी सुमारें १३ फूट, तर डबल बी-फ्लॅट बासची सुमारें १८ फूट भरते. नळी जितकी लांब, तितका तिचा मूळ स्वर खोल. म्हणून आपलें वाद्य कोणतें, हा निवडीचा पहिला प्रश्न होय.

आतां स्वर उत्पन्न कसा होतो तें पाहूं. वाद्यांत नुसता वारा भरून नाद निघत नाहीं. ओंठ थरथरतात व ती थरथर नळींतील हवेला हलविते. डबल बी-फ्लॅट बासवर तिन्ही व्हॉल्व्ह दाबून जो खालचा ई वाजतो, त्यासाठीं ओंठांची उघडझांप एका सेकंदांत सुमारें ४१ वेळां व्हावी लागते. इतक्या संथ कंपनाला ओंठांचा मोठा भाग मोकळा असावा लागतो. वाटीचें तोंड रुंद असलें, म्हणजे कांठाच्या आंत ती मोकळीक मिळते. मोठा माऊथपीस खालचा स्वर निर्माण करीत नाहीं. वादकानें निर्माण केलेल्या स्वराला तो जागा करून देतो.

परंतु 'मोठा' ह्या एका शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली, वाटीची रुंदी. बाख ह्या प्रसिद्ध नमुन्यांत आंकडा लहान तितकी वाटी मोठी असते: २४ एडब्ल्यू हा सुमारें ३१.२५ मिलिमीटर, तर १८ हा सुमारें ३२.६ मिलिमीटर रुंद आहे. हा फरक दीड मिलिमीटरहून कमी, पण ओंठांना तो ताबडतोब कळतो. दुसरी, वाटीची खोली व घडण. सूझाच्या बँडांत ट्यूबा वाजविणारे ऑगस्ट हेलेबर्ग ह्यांच्या नांवाचा जो नमुना आहे, त्याची वाटी नरसाळ्यासारखी खोल उतरत जाते; इतर कित्येकांची वाटी गोल पेल्यासारखी असते. तिसरी, वाटीच्या तळाचा गळा. तो रुंद असला, म्हणजे वारा मोकळा जातो, पण लागतोही अधिक.

ह्या लाभांची किंमतही द्यावी लागते. वाटी फार मोठी झाली, कीं वरचे स्वर उतरूं लागतात, ओंठ लौकर थकतात व श्वास अर्ध्या ओळींतच संपतो. खोलींत दहा मिनिटें वाजवून जो माऊथपीस भव्य वाटतो, तोच दोन तासांच्या मिरवणुकींत वादकाला दगा देतो. कोवळ्या वयाच्या मुलाच्या हातीं सर्वांत मोठा माऊथपीस देणें हें तर त्याच्या उमेदीचें नुकसान करणें होय; स्वर न निघाल्यास तो दोष आपल्याच अंगीं आहे असें समजून तो वाद्य खालीं ठेवतो.

आणखी एक गैरसमज दूर करितों. पहिला व तिसरा, किंवा तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबले असतां स्वर चढा निघतो. हा दोष माऊथपीसचा नसून व्हॉल्व्हच्या रचनेचा आहे. त्यावर उपाय म्हणून ब्लेकली ह्यांनीं १८७४ सालीं इंग्लंडांत भरपाईच्या नळ्यांची योजना काढली. आपल्या वाद्याला ती नसेल, तर स्लाइड ओढून व ओंठ सैल ठेवून स्वर उतरवावा लागेल. केवळ नवा माऊथपीस आणून भागणार नाहीं.

खरेदीपूर्वी शँक, म्हणजे खालची निमुळती दांडी, अवश्य तपासावी. ती निरनिराळ्या मापांची असते. जाड शँक नळींत पुरती बसत नाहीं, बारीक शँक फार आंत जाऊन डुलते. दोहोंनीं सूर बिघडतो. चांदीचा मुलामा कांठावर उडालेला नसावा, कारण उघडें पितळ कित्येकांच्या ओंठांना बाधतें.

परीक्षा अशी करावी. मधल्या बी-फ्लॅटपासून एकेक स्वर खालीं उतरावें, प्रत्येक स्वर आधीं हळू व मग जोरानें धरावा. मोबाइलवरील स्वरमापक जवळ ठेवावा. दुसऱ्यानें दूर, देवळाच्या दारापाशीं, उभें राहून ऐकावें. वादकाला स्वतःचा नाद मोठा वाटतो, तोच दूर अस्पष्ट पोहोंचूं शकतो. अर्धा तास वाजविल्यावर पुनः वरचे स्वर घेऊन पाहावे. शक्य असल्यास दोन आठवडे तो माऊथपीस वापरून मगच निर्णय करावा.

माझें मत विचाराल, तर ई-फ्लॅट बासवाल्यांनीं व नवशिक्यांनीं मध्यम मापावर राहावें. डबल बी-फ्लॅट बासवर नेहमीं खालची ओळ सांभाळणाऱ्या मुरलेल्या वादकानें मोठी व खोल वाटी घ्यावी. आणि दोघांनींही रोज पंधरा मिनिटें जबडा सैल सोडून, दांत विलग ठेवून, संथ व भरपूर श्वासानें लांब स्वर धरावेत. माऊथपीस विकत मिळेल, पण हा श्वास रोजच्या अभ्यासानेंच मिळवावा लागेल.

आपल्या बँडचा पाया असाच भरीव राहो, व पुढील ज्युबिलीला आजचीं हीं मुलें मागच्या रांगेंत ताठ मानेनें बास वाजवीत असोत, अशी इच्छा मी प्रकट करितों.