लेकरू देवाचं देणं, तरी कागद हवाच



दुपारची भांडी आवरून कुणी रेडिओपाशी बसली असेल, कुणी खुरपता खुरपता मोबाइलवर ऐकत असेल. मी तुमच्या गटांची सहयोगिनी. एरवी मी बचत, हप्ते, बँकेचं खातं यावरच बोलते. आज दोन घरांची गोष्ट सांगणार आहे. एक घर माझ्या नणंदेचं. दुसरं सातासमुद्रापार अमेरिकेतलं, सत्तर वर्षांपूर्वीचं.

आम्ही ख्रिस्ती आहोत. संध्याकाळी घरात प्रार्थना होते, रविवारी उपासनेला जातो. माझ्या नणंदेच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं. दवाखाने झाले, औषधं झाली, लोकांची बोलणी खाऊन झाली. दर रविवारी ती डोळे मिटून काय मागते, ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री तिचा फोन आला. आवाज थरथरत होता. म्हणाली, "वहिनी, प्रभूने ऐकलं. उद्या सकाळी बाळ मिळतंय. मुलगी आहे, दोन दिवसांची."

एका दवाखान्यात लग्न न झालेली पोरगी बाळंत झाली होती. मधल्या बाईने निरोप आणला होता. खर्चाचे म्हणून ऐंशी हजार द्यायचे आणि जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून थेट नणंदेचंच नाव लावून मिळणार. चाळीस हजार घरात होते. उरलेले चाळीस तिला गटाच्या अंतर्गत कर्जातून हवे होते.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "कर्जाचं कारण काय लिहायचं?"

ती गप्प झाली. तुम्हाला ठाऊक आहे, कारण लिहिल्याशिवाय आपण शेळीलासुद्धा कर्ज देत नाही. इतिवृत्तात नोंद होते, सह्या होतात. जे लिहिता येत नाही, ते कर्ज आपण देत नाही.

मग ती म्हणाली, "तुझा विश्वास कमी पडतो, वहिनी. पाळकसाहेबांनी त्या होल्ट बाईंची गोष्ट सांगितली ना? त्यांनी आठ लेकरं आणली. देवावर भरवसा ठेवूनच ना?"

ती गोष्ट मीही उपासनेत ऐकली होती. पण त्या रात्री झोप लागेना, म्हणून मोबाइलवर शोधून ती नीट वाचली. आता तुम्हालाही सांगते.

अमेरिकेत ओरेगॉन नावाचं राज्य आहे. तिथल्या क्रेसवेल गावाजवळ हॅरी आणि बर्था होल्ट राहायचे. शेती आणि लाकडाचा धंदा. पदरी सहा मुलं. बर्था नर्सिंग शिकलेली. हॅरीला 1950 मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. म्हणजे आपल्याकडे ज्याला, बाबा, आता बस घरात, असं म्हणतात, तसा माणूस.

1954 च्या डिसेंबरात त्यांनी एका सभेत कोरियातल्या अनाथ लेकरांचा चित्रपट पाहिला. कोरियातलं युद्ध 1953 मध्ये थांबलं होतं. मागे राहिली होती बेवारस लेकरं. त्यातही ज्यांची आई कोरियन आणि बाप परदेशी सैनिक, त्यांचे हाल जास्त. तिथे घराण्याच्या नोंदवहीत नाव लागायचं ते बापाकडून. बापाचं नाव नाही तर लेकराला समाजात जागा नाही. बायांनो, हे आपल्याला नवीन वाटतं का?

होल्ट कुटुंबाने आधी पैसे पाठवायला सुरुवात केली. पण तेवढ्याने मन शांत होईना. प्रार्थना केली, घरच्या मुलांशी बोलले आणि ठरवलं की आठ लेकरं घरी आणायची. अडचण एकच होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने एका कुटुंबाला अशी दोनच लेकरं आणता यायची.

मी इथे थांबले आणि परत वाचलं. कायदा म्हणतो दोन, यांना हवीत आठ. मग यांनी काय केलं? बाकीची सहा लपवून आणली का? कुणाला पैसे चारले का? नाही. त्यांनी आपल्या राज्याच्या खासदारांकडे मागणी नेली. 1955 मध्ये तिथल्या संसदेत या एका कुटुंबासाठी खास कायदा मंजूर झाला. हॅरी तोवर कोरियात पोचलासुद्धा होता. वाटेत टोकियोत मन घाबरं झालं, म्हणून त्याने पवित्र शास्त्र सहज उघडलं. यशयाचा 43 वा अध्याय समोर आला. पूर्वेकडून लेकरं आणण्याचं वचन त्यात आहे. त्याला वाटलं, हे आपल्यालाच सांगितलंय. बर्थाने पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं, त्याचं नावही तिने त्याच वचनावरून ठेवलं.

1955 च्या ऑक्टोबरात हॅरी बारा लेकरं घेऊन विमानाने परतला. त्यातली आठ त्यांच्या घरची, चार दुसऱ्या कुटुंबांची. तसल्या नाजूक तब्येतीच्या माणसाने हे केलं.

पहाटे मी नणंदेला फोन लावला. म्हटलं, "होल्ट बाईंचा विश्वास मोठा होताच. पण आधी कायदा झाला, मग लेकरं घरी आली. आपण उलटं करतोय. लेकराच्या पहिल्याच कागदावर आपण खोटं लिहिणार आहोत."

ती रडली. "तू माझ्या पदरातलं लेकरू काढून घेतलंस," असं म्हणाली. मी फोन ठेवला आणि 1098 लावला.

मैत्रिणींनो, तो फोन लावताना माझा हात थरथरत होता. चूक केली का, असं आजही कधी कधी वाटतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं दवाखान्यात गेली. बाळ आणि तिची आई बाल कल्याण समितीपुढे गेली. पुढे काय झालं ते आम्हाला सांगितलं नाही, आणि सांगूही नये. ती त्या पोरीची खासगी गोष्ट.

आता होल्टांच्या गोष्टीचा दुसरा भाग. हा पाळकसाहेबांनी सांगितला नव्हता, मला वाचताना सापडला.

आठ लेकरांची बातमी पसरली आणि शेकडो कुटुंबांनी आम्हालाही मूल द्या म्हणून पत्रं लिहिली. 1956 मध्ये होल्टांनी दत्तकाची संस्था काढली. घाई होती, कारण तिकडे लेकरं आजाराने दगावत होती. मग ओरेगॉनचा हॅरी कोरियात बसून दुसऱ्यांच्या वतीने दत्तक घेऊ लागला. आईबाप अमेरिकेत, मूल कोरियात, दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. तिथल्या समाजसेविकांनी हरकत घेतली. घर भाविक आहे एवढं पुरतं का, आधी घरात जाऊन चौकशी नको का, असं त्यांचं म्हणणं. 1961 मध्ये अमेरिकेने असं परस्पर दत्तक बंद केलं.

हॅरी 1964 मध्ये कोरियातच वारला. बर्था 96 वर्षं जगली. लोक तिला होल्ट आजी म्हणायचे. 2000 साली ती गेली, तेव्हा तिलाही कोरियातच, नवऱ्याशेजारी माती दिली.

पण त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पुढे अनेक संस्था चालल्या आणि दीड-दोन लाख लेकरं कोरियाबाहेर गेली. ती मोठी झाली. काही परत आली, आईला शोधायला. तेव्हा कळलं की कितीतरी कागद खोटे होते. आई जिवंत असताना अनाथ लिहिलेलं, एकाच्या नावावर दुसरंच मूल पाठवलेलं. 2025 मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने सांगितलं की सरकारने नीट लक्ष ठेवलं नाही आणि या लेकरांच्या हक्कांवर गदा आली. सगळा दोष एका कुटुंबाचा नाही. त्यांची माया खोटी नव्हती. पण माया खरी असली म्हणून कागद आपोआप खरा होत नाही.

हे मी नणंदेला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, ती मुलगी अठरा वर्षांची होऊन मला विचारती, माझी आई कोण, तर मी काय दाखवलं असतं?"

आपल्या देशातही हे सगळं घडून गेलंय. परदेशात लेकरं पाठवताना गैरप्रकार होतात, म्हणून एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. 1984 मध्ये न्यायालयाने त्यावर नियम घालून दिले. 1990 मध्ये 'कारा' ही सरकारी यंत्रणा उभी राहिली. आता मूल आधी भारतीय पालकांना दाखवतात, मग परदेशी पालकांना. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचं सांगते. आमच्यासाठी दत्तकाचा वेगळा कायदा नाही. पूर्वी 1890 च्या कायद्याखाली बहुतेकांना नुसतं पालक होता यायचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. बाल न्याय कायद्यात 2006 मध्ये दुरुस्ती झाली आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. हे दार उघडं असताना मागच्या दाराने का जायचं?

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. गटाच्या बैठकीतही सांगा.

एक. मूल सांभाळणं शक्य नसलेल्या आईने त्याला उकिरड्यावर टाकू नये आणि विकूही नये. बाल कल्याण समितीपुढे सोपवता येतं. नाव गुप्त राहतं. मन बदललं तर परत घ्यायला तिला 60 दिवस मिळतात. तिच्यावर कुणी उपकार करत नाही, तो तिचा हक्क आहे.

दोन. अनाथ किंवा सोपवलेलं मूल हवं असेल तर 'कारा'च्या संकेतस्थळावर नाव नोंदवा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात मदत मिळते. घरी येऊन चौकशी होते. तिला घाबरू नका, ती लेकरासाठी असते. शेवटचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात.

तीन. पैसे घेऊन परस्पर मूल देणाऱ्यापासून लांब राहा. मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. असं काही कानावर आलं तर 1098 लावा.

माझ्या नणंदेने आणि तिच्या मिस्टरांनी त्याच महिन्यात नाव नोंदवलं. कर्ज घेतलं नाही. चौकशीला बाई घरी आल्या, तेव्हा तिने चहाबरोबर रव्याचे लाडू ठेवले होते आणि हात कापत असल्याने चहा बशीत सांडला होता. तीन वर्षं झाली. यादीत नंबर पुढे सरकतो, पण फोन अजून आलेला नाही. रविवारी ती अजूनही डोळे मिटून तेच मागते. एक गोष्ट मात्र वाढली आहे. त्या दोन दिवसांच्या मुलीसाठी आणि तिच्या आईसाठीही ती प्रार्थना करते. नाव माहीत नाही, म्हणून नुसतं "त्या दोघी" म्हणते.

माझ्याशी ती बोलते आता. मागच्या महिन्यात गटात एका बाईने विचारलं, ओळखीत बाळ आहे, घेऊ का? मी तोंड उघडायच्या आत माझी नणंदच म्हणाली, "कारण काय लिहिशील?"