संकरित कुत्रं घेताना नाव नको, आईबाप बघा



परवा एका गावी बैठक संपल्यावर एका शेतकऱ्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "साहेब, पोरगा शहरातून लॅब्राडूडल कुत्र्याची नर-मादी आणायची म्हणतोय. केस गळत नाहीत, कुणाला बाधत नाही, पिल्लं विकून पैसा होईल म्हणे. कर्ज काढून घेऊ का?" हा प्रश्न आणखी कुणाच्या मनात असेल, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

हे कुत्रं म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाट दाखवणारं कुत्रं हवं होतं. पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन पैदाशीचं काम पाहत. त्यांनी आधी पूडल शिकवून पाहिले, जमलं नाही. मग १९८९ च्या सुमारास लॅब्राडोरचा पूडलशी संकर केला. लॅब्राडोर शांत आणि शिकाऊ, पूडल हुशार आणि कमी केस गाळणारा. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला तपासायला पाठवली. त्यांतलं सुलतान नावाचं पिल्लू त्या नवऱ्याला बाधलं नाही.

गंमत पुढंच आहे. संकरित पिल्लं सांभाळायला कुणी तयार होईना. 'लॅब्राडूडल' हे नाव दिलं, वर्तमानपत्रात आलं, आणि मागणीची रीघ लागली. पुढच्या एका वेतात मात्र दहांपैकी तीनच पिल्लं न बाधणारी निघाली. २०१९ साली खुद्द कॉनरन यांनी पश्चात्ताप बोलून दाखवला. पैशासाठी लोक वाटेल तशी पैदास करू लागले, हे त्यांचं दुःख.

असं का होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. पहिलं पीक एकसारखं येतं; पण त्याचाच दाणा पुन्हा पेरला, तर कणसं लहान-मोठी, ताटं उंच-बुटकी. लॅब्राडूडलची नर-मादी लावली तरी तेच. एक पिल्लू केस गाळील, दुसऱ्याच्या अंगावर जटा होतील. बाधतं ते मुख्यतः लाळेतून आणि कोंड्यातून, केस गळोत वा न गळोत. २०१२ साली नेदरलँड्समधल्या तपासणीत अशा कुत्र्यांत बाधणारा पदार्थ कमी आढळला नाही.

शिवाय खुब्याच्या सांध्याचं आणि डोळ्यांचं आनुवंशिक दुखणं दोन्ही जातींत असतं. दोष दोन्हीकडे असेल, तर संकरानं तो जात नाही.

तेव्हा हौसेनं घ्यायचंच असेल, तर एवढं करा:

१. पिल्लाची आई आणि बाप प्रत्यक्ष बघा.

२. दोघांचे खुबे व डोळे पशुवैद्यांकडून तपासल्याचा कागद मागा.

३. घरात कुणाला दमा वा ॲलर्जी असेल, तर त्यानं आधी त्याच पिल्लाजवळ दोन-चार वेळा बसून पाहावं.

४. रेबीजची लस वेळेवर टोचा. केस रोज विंचरावे लागतील, हेही धरून चाला.

त्या शेतकऱ्याला मी कर्ज काढू नका म्हणून सांगितलं. राखणीला दारचं गावठी कुत्रं पुरे आहे. त्यालाही लस टोचा.