जोडीतला बैल गेल्यावर
(अहेरी येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



२०२२ मध्ये लम्पी रोगाने राज्यातील हजारो जनावरे दगावली. शासनाने मृत बैलामागे २५,००० रुपये मदत दिली. पण पोळ्याला रिकामे दावे पाहणे फार कठीण. रडू आले तर रडावे. मुलांना मात्र 'बैल विकला' असे खोटे सांगू नये.

मायेपोटी विधी लांबवू नका. मृत जनावर नाल्यात किंवा जंगलात टाकू नये, कातडे सोलू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

उरलेला जोडीदार हंबरतो, वैरण सोडतो. तो शोकच असेल असे धरून बसू नका. ताप पाहा, अंगावर गाठी चाचपा. आढळल्यास त्याला लगेच वेगळा बांधून पशुवैद्यकास बोलवा.