पोलिसांची पाळी आणि ठाण्याचा रिवाज

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या 28 व्या कलमानुसार पोलीस कायमच कामावर आहे असं मानलं जातं. अचानक प्रसंग ओढवला तर त्याला बोलावता यावं, हा हेतू समजण्यासारखा आहे. रोजचा दिवस मात्र कलमावर चालत नाही, तो ठाण्याच्या रिवाजावर चालतो. अंमलदार घरी किती वाजता पोचणार, हे बऱ्याच अंशी तो रिवाजच ठरवतो.

उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातलं गडमुडशिंगी हे गाव गांधीनगर पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. शेजारी गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, जवळच उजळाईवाडीचा विमानतळ. गस्त, वाहतूक, समन्स बजावणी, पंचनामे, कोर्टाच्या तारखा आणि पुढाऱ्यांचे दौरे हे इथलं नेहमीचं काम. चैत्रात जोतिबाची यात्रा, नवरात्रात अंबाबाईचं दर्शन, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आली की जिल्हाभरातून बंदोबस्ताला माणसं लागतात आणि साप्ताहिक सुट्टीवर पहिली गदा येते. सणाच्या दिवशी पोलीस रस्त्यावर असणार, हे टळणारं नाही.

टळण्यासारखं आहे ते वेगळंच. पाळी संपली तरी साहेब उठेपर्यंत ठाण्यात थांबायचं, रजेचा अर्ज देणाऱ्याला कामचुकार समजायचं, सुट्टीच्या दिवशीही साध्या कागदासाठी फोन करायचा, या सवयी कोणत्याही कायद्यात लिहिलेल्या नाहीत. जिथे उशिरापर्यंत थांबणं हीच निष्ठा समजली जाते, तिथे वेळेवर घरी जाणाऱ्यालाच अपराधी वाटतं. राज्यानं 2022 मध्ये पोलिसांच्या किरकोळ रजा 12 वरून 20 केल्या. मागायचाच संकोच असेल तर वाढलेल्या रजा कागदावरच राहतात.

एकत्र येऊन दाद मागण्याची वाटही अरुंद आहे. पोलिसांच्या संघटनांवर 1966 च्या केंद्रीय कायद्यानं कडक बंधनं घातली. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईतल्या पोलिसांचं आंदोलन चिघळलं आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. त्यामुळे ठाण्याचा प्रभारी अधिकारी कसा आहे, यावर शिपायाचं घर अवलंबून राहतं.

कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या 2019 च्या अहवालानुसार देशातले पोलीस दिवसाला सरासरी 14 तास काम करतात. उरलेल्या दहा तासांत जाणं-येणं, जेवण आणि झोप. मुलांचा अभ्यास, आईवडिलांचा दवाखाना, जोडीदाराशी चार शब्द यांना जागा उरत नाही. अपुऱ्या झोपेची चिडचिड घरी निघते, तशीच तक्रार द्यायला आलेल्या माणसावरही निघते.

रिवाज बदलता येतो, हे मुंबईच्या देवनार ठाण्यात दिसलं. आठ तासांच्या पाळीची योजना तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं मांडली होती. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली आणि मे 2016 मध्ये प्रयोग सुरू झाला. पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांतही गेला. हाताखालच्या माणसाचं म्हणणं वरिष्ठानं मनापासून ऐकलं, हीच त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. 2021 मध्ये राज्यात महिला पोलिसांसाठी बारा तासांऐवजी आठ तासांच्या पाळीचे आदेश निघाले. घरकामाचा भार बाईवरच पडतो हे पाहता ते रास्तच होतं, पण मूल सांभाळणाऱ्या पुरुष अंमलदारालाही तेवढीच गरज असते.

लहान ठाण्यात तीन पाळ्यांना पुरेशी माणसं नसतात, आणि त्यासाठी भरतीच हवी. मात्र पाळ्यांचा तक्ता आठवडाभर आधी लावणं, बंदोबस्तात बुडालेल्या सुट्टीऐवजी ठरलेल्या तारखेला बदली सुट्टी देणं, आणि पाळी संपली की प्रभारी अधिकाऱ्यानं स्वतःहून ‘आता घरी जा’ म्हणणं, एवढं आहे त्या मनुष्यबळातही होऊ शकतं.