नोटीस आली म्हणून गाडा बंद करू नका

(बंगळुरूमधील मराठीभाषक छोट्या व्यावसायिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही, सीएही नाही. आपल्या लोकांचे हिशेब लिहून देतो, एवढंच. मागच्या महिन्यात बेळगावकडच्या एक ताई माझ्याकडे आल्या. इथे त्यांची छोटी खानावळ आहे. पिशवीतून त्यांनी एक पाकीट काढलं. ते पंधरा दिवसांपूर्वी आलं होतं आणि अजून फोडलेलंही नव्हतं. तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. म्हणाल्या, "दादा, भीती वाटली. क्यूआर कोड काढून टाकला. भाऊ म्हणतो, खानावळ विकून गावी ये."

आज बोलायचं आहे ते या न फोडलेल्या पाकिटाबद्दल.

२०२५च्या जुलैमध्ये याच शहरात काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हिशेब २०२१-२२पासूनचा धरला होता. हावेरीच्या एका भाजीवाल्याला सुमारे २९ लाखांची मागणी आली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटी नाहीच. दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. २५ जुलैचा बंद पुकारला गेला. २३ तारखेला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांशी बोलून सांगितलं की जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण पुढे नोंदणी करावी लागेल.

संघटित झाल्यामुळे हे मिळालं, हे विसरू नका. पण घोषणा वेगळी आणि आपल्या फाईलवरचा शेरा वेगळा. ज्यांना तेव्हा नोटीस आली होती त्यांनी "माझं प्रकरण बंद झालं का" हे लेखी विचारून घ्या. आणि ज्यांना नवी नोटीस येईल, त्यांनी क्रमाने पुढे जा.

पहिली पायरी: नोटीस म्हणजे निकाल नव्हे. तो प्रश्न आहे, आणि प्रश्नाला मुदतीत उत्तर द्यायचं असतं. उत्तर दिलं नाही तर अधिकारी त्याच्या अंदाजाने आकडा ठरवतो, आणि मग तोच आकडा वसुलीला येतो.

दुसरी पायरी: खात्यात जमा झालेला प्रत्येक रुपया म्हणजे धंदा नव्हे. ताईंच्या फोनवर काय काय येत होतं? भिशीचे पैसे, मुलाने पाठवलेले पैसे, बहिणीने परत केलेले उसने. आपल्या घरात एकच फोन, एकच खातं, त्यावरच सगळं चालतं. हे सगळं बाजूला काढायचं, तारखेनिशी. पण प्रामाणिकपणे रोखीची विक्रीही मिळवायची, कारण उलाढालीत तीही येते. मालाच्या विक्रीसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख ही नोंदणीची मर्यादा आहे. खानावळ सेवेत धरली जाते. आम्ही चार वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा मर्यादा ओलांडलेलं एकच वर्ष उरलं.

इथे एक खाच आहे. फक्त भाजी, फळं, ताजं दूध असा करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण दुधासोबत चिप्स आणि थंड पेयंही विकत असाल, तर मर्यादा मोजताना दोन्हींची बेरीज होते. कर मात्र फक्त करपात्र मालावर लागतो. उत्तरात हे वेगळं करून दाखवायचं.

तिसरी पायरी: कर खरंच निघाला आणि पैसे नाहीत, तर?

आपल्या आजोबांना शेतसाऱ्याचे दोन शब्द माहीत होते. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणं, आणि सूट म्हणजे माफी. जीएसटी कायद्यात "मला परवडत नाही" म्हणून सूट मागायची सोय नाही. आहे ती मुदत आणि हप्त्यांची. कलम ८०खाली आयुक्त जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते देऊ शकतात. अर्जाचा नमुना डीआरसी-२०, तो ऑनलाइन भरायचा. रक्कम २५ हजारांपेक्षा कमी असेल तर हप्ते मिळत नाहीत, आणि स्वतःच्या रिटर्नमध्ये कबूल केलेल्या करालाही ही सोय नाही. वर्षाला १८ टक्के व्याज चालूच राहतं. एक हप्ता चुकला, तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता मागा. सणासुदीच्या कमाईवर नको, पावसाळ्यातल्या मंद महिन्यावर तो ठरवा.

आदेश चुकीचा वाटला तर तीन महिन्यांत अपील करता येतं. त्यासाठी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते.

पुढच्या काळासाठी कंपोझिशन योजना पाहा. माल विकणाऱ्याला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर १ टक्का, खानावळीला ५ टक्के. मात्र हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि योजना मागच्या वर्षांना लागू होत नाही.

प्राप्तिकराची थकबाकी असेल, तर तिथेही मुदत आणि हप्ते मागता येतात. उशिराचं व्याज महिन्याला १ टक्का आहे. खरी अडचण दाखवली, तर ते व्याज कमी किंवा माफ करण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांना आहे.

चौथी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्या कायद्यातली "न्यायालय" या शब्दाची व्याख्या न्यायाधिकरणं आणि अर्धन्यायिक अधिकाऱ्यांपर्यंत जाते. म्हणजे कराच्या सुनावणीसाठीही मागा. फोन १५१००. "इथे होत नाही" असं कोणी म्हणालं, तर तेही लेखी मागा.

आता थोडं मुळाकडे जाऊ. ज्या जातींत पिढ्यान्‌पिढ्या दुकान आहे, त्यांच्या घरात वही, मुनीम आणि सीए असलेला भाचा असतो. आपण धंद्यात पहिल्या पिढीचे. आपल्याला गाडा लावता आला, वही कोणी शिकवली नाही. मग जे त्यांच्याकडे "हिशेबातली चूक" ठरतं, ते आपल्याकडे "करचोरी" ठरतं.

आणि सूट या देशात अजिबातच नाही असं समजू नका. २०१६च्या दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीचा निपटारा मंजूर झाला, की आराखड्यात न धरलेली सरकारी करथकबाकीही संपते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात तसा निकाल दिला. त्याच कायद्यात गरीब माणसासाठी "नवी सुरुवात" नावाचा भाग लिहिलेला आहे: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत. तो भाग मात्र अजून लागूच झालेला नाही. अमेरिकेत करदाता आपलं उत्पन्न आणि घरखर्च मांडून "एवढंच देऊ शकतो" असा प्रस्ताव देऊ शकतो. आपल्याकडे कंपनीला ही दारं उघडी, गाड्यावाल्याला बंद.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नाखाली कर नाही, पण जमीन महसूल मात्र गरीब शेतकऱ्यालाही द्यावाच लागतो, आणि हे अन्यायाचं आहे. डिसेंबर १९३९ला हरेगावात वतनदार महार, मांग, वेठिया यांची परिषद भरली, ती वतनी जमिनींवरच्या वाढीव आकारणीविरुद्ध. कर देणार नाही, असं आपले लोक म्हणत नव्हते. ऐपत पाहून आकारा, असं म्हणत होते. आपली मागणीही तीच आहे: छोट्या करदात्याला ऐपतीनुसार सूट देणारं कलम कायद्यात हवं, आणि नोटीस त्याला कळेल अशा भाषेत हवी.

तोवर आपण काय करायचं? धंद्याचं खातं वेगळं करा. रोज रात्री गाडा आवरल्यावर दहा मिनिटं वही लिहा. दर महिन्याच्या एका रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात बसू. शिकलेली पोरं-पोरी फोन आणि लॅपटॉप घेऊन येतील, तुम्ही तुमची पाकिटं घेऊन या.

ताईंचं उत्तर मुदतीच्या दोन दिवस आधी गेलं. निकाल अजून लागायचा आहे. हप्त्याचा अर्जही तयार करून ठेवला आहे, लागला तर. पण क्यूआर कोड परत भिंतीवर आहे आणि खानावळ चालू आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या डब्यात असं पाकीट असेल, तर आज घरी जाऊन आधी ते फोडा. वरची तारीख बघा. आणि उद्या मला फोन करा.

जय भीम, जय संविधान!